मास्तरणीचा बेंदूर

आमच्या आईला कुणी शेळीवाली म्हटलेलं खपत नसे. "शेळीवाल्या म्हंजे कापायला देणाऱ्या. मी दूधवाली हाय," असं ती ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगायची आणि तिच्या तोंडी लागायची उचगावात कुणाची छाती नव्हती. आमच्याकडे पाच शेळ्या होत्या. पाच शेळ्यांना कुणी डेअरी म्हणत नाही, पण दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. "आमच्या डेअरीवर या की एकदा, पावणं," असं आल्यागेल्याला सांगून स्वतःच हसायचे. दादा पूर्वी फौंड्रीत कामाला होते. एकदा वितळलेल्या लोखंडाचा रस त्यांच्या उजव्या हातावर सांडला, आणि जखम भरली तेव्हा बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. तेव्हापासून ते घरी. डाव्या हातानं विळा चालवायचे, पाला कापायचे, पण धार काढायला दोन्ही हात लागतात. ते काम आईचं, आणि मी जरा मोठी झाल्यावर माझंही.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून शेळ्यांचं छप्पर होतं, आणि त्या भिंतीत हात जाईल एवढं भोक होतं. त्या भोकातून शेळ्यांचा रवंथ ऐकू यायचा, एकसारखा, चिंचोके चावल्यासारखा. त्या आवाजावर आम्ही झोपायचो आणि तो थांबला की जागे व्हायचो. सकाळी गुळाचा चहा शेळीच्या दुधात व्हायचा. त्याला एक वास असतो, पाहुण्यांना तो नको वाटतो. आम्हाला तो चहाचाच वास वाटायचा. भाकरी, खर्डा आणि वर दुधाची साय, एवढं मिळालं की माझं पोट भरे. आता माझ्या घरी पिशवीतलं दूध येतं. सून ते तापवते, भांडं धुते आणि भांड्याला कसलाच वास राहत नाही. मला अजून त्या दुधाचा चहा पचनी पडलेला नाही, हे मी तिला सांगत नाही. न सांगण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे, हे पुढे कळेलच.

पाचींत मुख्य होती ती मास्तरीण. अंगानं काळीभोर आणि दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी गोल वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. नाव दादांनी ठेवलं. तिची आई तिला जन्म देऊनच गेली, म्हणून मी तिला वाटीतलं दूध बोटावरून चाटवून जगवलं. माझं बोट धरून ती इतक्या जोरात ओढायची की नख दुखायचं. मोठी झाल्यावरही मी बोट पुढं केलं की ती तोंडात धरायची, दोनदा ओढायची आणि दूध येत नाही म्हणून माझ्याकडे चष्म्यातून बघायची. दादा म्हणायचे, "बघ, गणित चुकलं तुझं."

आमची गिऱ्हाइकं राजारामपुरीत होती. ज्या बाळांना म्हशीचं दूध सोसत नसे त्यांना डॉक्टर शेळीचं दूध सांगायचे, जुनाट खोकला असलेल्या म्हाताऱ्यांनाही सांगायचे. दूध काढून घेऊन जायची पद्धत नव्हती. शेळ्याच दारात न्यायच्या, गिऱ्हाइकानं आपलं भांडं आणायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. पाणी घातलं म्हणायला कुणाला जागाच नको. उचगावातून निघून टेंबलाईच्या टेकडीच्या अंगानं, रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही जायचो. शेळ्यांना दोरी नसायची. पुढं मास्तरीण, गळ्यात पितळेची घाटी वाजवत, तिच्यामागं चार शेळ्या आणि सगळ्यांच्या मागं आई. मास्तरणीला दहाही दारं पाठ होती. दारापाशी गेली की खालच्या फळीवर शिंगानं दोन टोले द्यायची, आतून "आले, आले" असं कुणीतरी ओरडायचं. एका घरातलं बाळ मोठं झालं, त्यांनी दूध बंद केलं, तरी ती वर्षभर त्या दारावर टोले देत राहिली. आई तिला ढकलून पुढं न्यायची आणि घरातल्या बाई ओशाळून खिडकी लावून घ्यायच्या.

मास्तरीण वाट शिकायच्या आधी पुढं चालायचं काम माझं होतं. शेळ्यांना पुढं कुणीतरी लागतंच, नाहीतर चौघी चार दिशांना. मग शाळेत पोचेपर्यंत दोन तास होऊन गेलेले असायचे आणि मी वर्गाच्या दाराशी उभी. मास्तरीण पुढं चालायला लागली आणि माझी शाळा नीट सुरू झाली. सातवीत मी वर्गात दुसरी आले. "एक मास्तरीण दुसरीला शिकवाय लागली," असं दादा गल्लीभर सांगत सुटले. मी शिक्षिका व्हावं हे त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि माझ्याही.

त्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. टाच सुजली, पाय टेकवेना. बेंदराची शाळेला सुट्टी होती, म्हणून दुधाला मी जायचं ठरलं. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. शिंगांना हुरमुंजीचा तांबडा रंग, गळ्यात माळा, पुरणपोळीचा घास आणि घुगऱ्या. आमच्याकडे बैल कधीच नव्हते. गल्लीतल्या बैलांची मिरवणूक आम्ही दारात उभं राहून बघायचो, इतकंच. सकाळी माझ्या डोक्यात आलं, मास्तरणीचा बेंदूर का नको? ती काय बैलापेक्षा कमी राबते?

"शेळीचा कुठं बेंदूर असतोय व्हय?" आई हसली. "उद्या कोंबडीचा करशील."

"करू दे की," दादा म्हणाले. "घर तीच चालवतीया. बैलानं काय केलंय आपल्याला?"

दादांनी शेजारून हुरमुंज मागून आणली आणि डाव्या हातानं तिची शिंगं रंगवली. मी माझी निळी रिबन तिच्या घाटीशी बांधली. बाहेर आषाढातली बारीक झड लागली होती. आईनं लंगडत जाऊन परसातल्या शेवरीचा ओला पाला तोडला आणि निघण्याआधी पाचींपुढं टाकला. एरवी ती पाला सुकवून घालायची, पण त्या दिवशी पायानं जेरीला आली होती. मग तिनं मला जवळ बोलावलं.

"शाले, नीट ऐक. सणाचं कुणी काय दिलं तर तिला चारायचं न्हाय. पोळी न्हाय, घुगऱ्या न्हाय. न्हाय म्हणू नगंस, वडणीत घिऊन ये. बैलाचं पोट निराळं, शेळीचं निराळं. कळलं?"

कळलं होतं. पुढं जे झालं ते न कळल्यामुळं झालं नाही.

पहिल्या दारी काकू भांडं घेऊन बाहेर आल्या आणि मास्तरणीला बघून त्यांनी तोंडावर हातच ठेवला. "अगं बाई, नटवलीय की हिला! थांब, थांब." त्या आत गेल्या आणि निरांजन, कुंकू, पोळी असं ताट घेऊन आल्या. "आम्ही आपले मातीचे बैल पुजतो गं. यंदा खरंखुरं जनावर चालून आलं दाराशी." या काकू एरवी भांडं पायरीवर ठेवून आत जायच्या आणि आम्ही निघाल्यावर पायरीवर पाणी ओतायच्या. त्या दिवशी त्या पदर खोचून माझ्या शेळीला ओवाळत होत्या, आणि मग त्यांनी माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. पोळी त्यांनी मास्तरणीच्या तोंडापुढं धरली. मी हात पुढं करून ती ओढणीत घ्यायला हवी होती. माझा हात उठला नाही. मास्तरणीनं पोळी दोन घासांत संपवली आणि मान वर करून आणखी मागितली. काकू हसल्या, आतून त्यांची मुलं धावत आली, आणखी एक पोळी आली. सगळे आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता आम्ही कुणीतरी आहोत.

दुसऱ्या दारी तसंच झालं, तिसऱ्या दारी तसंच. चौथ्या दारातल्या बाईंच्या काही लक्षात आलं नाही, त्या नेहमीसारखं भांडं ठेवून उभ्या राहिल्या. तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, "आज हिचा बेंदूर हाय." हे वाक्य मी लिहितेय खरी, पण ते माझ्या तोंडून गेलं हे आजही मला खरं वाटावंसं वाटत नाही. पुढच्या प्रत्येक दारी मी ते म्हटलं. शेवटचं घर एका वकिलांचं. त्यांच्याकडे गव्हाच्या घुगऱ्या केल्या होत्या, गूळ घालून. त्यांनी परातच पुढं ठेवली. मास्तरीण परातीत तोंड घालून खात होती, घाटी परातीच्या काठावर वाजत होती आणि वकिलांची म्हातारी आई म्हणत होती, "खाऊ दे, मुकं जनावर आहे, वर्षाचा सण आहे." मी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना दोन पोळ्या मात्र मी मागून घेतल्या आणि ओढणीत बांधून आईपुढं ठेवल्या. आईनं त्या बघितल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "बघा, पोरगी शब्दाबाहेर गेली न्हाय," ती दादांना म्हणाली. त्या पोळ्या आम्ही तिघांनी गुळवणीत बुडवून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या भोकातून चारच शेळ्यांचा रवंथ ऐकू येत होता. मास्तरीण कोपऱ्यात उभी होती, मान खाली, दात खात. डावी कूस टरटरून फुगलेली. पाला पुढं धरला तर तिनं तोंड फिरवलं. आई लंगडत आली, तिच्या पोटावर चापटी मारून बघितली आणि माझ्याकडे वळली.

"काल काय चारलंस?"

"काय न्हाय."

"खरं सांग."

"निम्मी पोळी. त्या काकूंनी घातली, मी न्हाय म्हणायच्या आत."

आई मारणारी नव्हती. मारणारी असती तर बहुतेक मी खरं बोलले असते. पण आदल्या दिवशी गालावरून फिरलेला तो हात मला परत द्यायचा नव्हता. आईनं पुन्हा त्या फुगलेल्या कुशीवर हात ठेवला. "निम्म्या पोळीनं काय हुतंय," ती म्हणाली. मग तिची नजर शेवरीवर गेली. "मीच वल्ला पाला टाकला. माझंच डोकं फिरलंतं."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडायला तेवढा एकच क्षण होता असं नाही. त्या दिवशी असे पुष्कळ क्षण आले आणि गेले. गल्लीतले लोक उंटावरून शेळ्या हाकायला जमले होते. कुणी ताक सांगितलं, कुणी हळद, कुणी नजर उतरायला सांगितली. दादा शहरात जाऊन जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी पोट दाबलं, वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"धान्य खाल्लंय का हिनं? पोळ्या, घुगऱ्या? बेंदराला हे फार होतं. आंबूस वास येतोय. धान्य असेल तर खायचा सोडा पाजावा लागेल, भरपूर. पाल्यानं फुगली असेल तर तेल. नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरणार आहे."

"न्हाय साहेब," आई म्हणाली. "पोरगी संगं हुती. वल्ला पाला खाल्लाय, माझ्याच हातचा. आमची शाली खोटं बोलत न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की ना गं?"

मी होकाराची मान हलवली. शब्दसुद्धा बोलले नाही, नुसती मान. त्यांनी तेलाचं औषध दिलं आणि सायकलवर बसून ते गेले. दादा दाराशी बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळलं होतं का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांच्या जवळ एकटं बसायचं मी तेव्हापासून टाळत गेले.

सोडा आमच्या घरात होता. चुलीवरच्या फळीवर, चहाच्या रिकाम्या डब्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा काढला आणि ओढणीखाली धरून छपराकडे निघाले. आई मास्तरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, कालपासून उठली नव्हती. तिनं डबा बघितला. "काय गं, भजी करायला निघालीस व्हय?" असं म्हणाली, थट्टेनं नव्हे, थकून. काय सांगणार होते मी? सोडा कशाला, असं तिनं विचारलं असतं. मी परत गेले आणि डबा फळीवर ठेवला. त्या फळीवर तो पुढं कित्येक वर्षं होता.

शेजारचे बापूमामा खाटकाचं काम करायचे. ते येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा रोखठोक. "वैनी, आखाडाचा महिना हाय, गिऱ्हाईक दारात हाय. आता सुरी लावली तर काय तरी हातात पडंल. उद्या मातीच."

"माती तर माती," आई म्हणाली. "मी दूधवाली हाय, बापू."

दुपारी मास्तरणीचे डोळे आत गेले. चष्मा तेवढा उरला. मी जवळ बसून बोट तिच्या तोंडात घातलं. तोंड गार होतं आणि आंबट पुरणाचा वास येत होता, मला तो स्पष्ट येत होता. जिभेनं बोट धरलं नाही. थोड्या वेळानं आईनं तिच्या पोटावरचा हात उचलला आणि आपल्या तोंडात पदर कोंबला. आईला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, दादांचा हात भाजला तेव्हाही नाही. "माझ्या हातनं गेली," ती म्हणत होती, "माझ्या हातनं गेली बया."

दादांनी परसात खड्डा काढला. डाव्या हातानं काढायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी आईनं शेवरीचं झाड बुंध्यापासून तोडायला लावलं.

चौघी शेळ्या एकट्या जाईनात. फाटकापाशी जाऊन थांबायच्या आणि मागं बघायच्या. आईचा पाय अजून बरा नव्हता. तेव्हा मी मास्तरणीची घाटी हातात घेतली आणि पुढं चालू लागले. घाटी वाजली की शेळ्या येत. पहिल्या दारी मी हातानं दोनदा फळी वाजवली. काकू बाहेर आल्या, "नटलेली कुठं गेली?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भांडं पायरीवर ठेवून आत गेल्या. आधी वाटलं होतं चार दिवसांचं काम आहे. शाळेत पुन्हा उशीर होऊ लागला, मग आठवड्यातून दोनदाच जायचं झालं, मग गुरुजींनी पटावरून नाव कमी केलं. मास्तरणीचं नाव दादांनी पुन्हा काढलं नाही, दोघींपैकी एकीचंही. दोन वर्षांत गिऱ्हाइकांकडे डब्यातली दुधाची पावडर आली, शेळ्या एकेक करून गेल्या आणि माझं लग्न झालं. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण लिहायचा रकाना आला की मी सातवी लिहायचे आणि लेखणी जरा वेळ तिथंच टेकवून ठेवायचे.

आई नंतर पुन्हा शेळी पाळू शकली नाही. पण दुसऱ्याच्या दावणीत ओला पाला दिसला की तिच्यानं राहवायचं नाही. अनोळखी माणसांच्या दारात जाऊन, "वल्ला घालू नगासा, माझी गेलीया तशीच," असं सांगायची. लोक हसायचे. मी सोबत असले की तिचा हात धरून तिला पुढं न्यायचे. तिला त्या पाल्यातून सोडवायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य फक्त माझ्याजवळ होतं. आधी वाटायचं, ती रागावेल. मग दादा गेले, तेव्हा वाटलं आत्ता नको. मग इतकी वर्षं झाली की सांगण्यापेक्षा इतकी वर्षं न सांगितल्याचंच भय वाटू लागलं.

शेवटी ती माझ्याकडे होती. माणसं ओळखायची नाही, मला ओळखायची. बाहेर पावसाची झड लागली होती. मी तिला पेज भरवत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"शाले, पाला आत घेतलास न्हवं? वल्ला घालू नगंस हां. मी घातलाता. माझ्या हातनं गेली ती."

सून आत होती, नातू शाळेत. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"न्हाय घालत, आई," मी म्हटलं. "सुकवूनच घालतो."

तिनं मान डोलावली आणि पेजेसाठी तोंड उघडलं. त्यानंतर ती चार दिवस होती. मी तिच्या उशाशीच बसून होते, ती अधूनमधून शुद्धीवर यायची, माझ्याकडे बघायची. वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही.